नदी काढायची नाही

रहिमतपूरच्या वाचनालयात आमची सगळी मेंढरं बुडाली. मेंढरं म्हणजे चिंचोके आणि नदी म्हणजे टेबलावर पसरलेला निळा कागद, पण खेळणाऱ्यांचे चेहरे खरोखर पडले होते. एका बाईंनी तर चिंचोके उचलून परत काठावर ठेवून बघितले. मी हातातलं पेन खाली ठेवलं. नवीन लिहिण्यासारखं काही नव्हतं. आधीच्या टेबलावर हेच झालं होतं, त्याच्या आधीच्याही.

माझं नाव रुबीना तांबोळी. राहते आष्ट्याला. नोकरी सांगलीत, शाळेची गाईडं छापणाऱ्या एका प्रकाशनात. तिथं एक गेमही निघतो, आणि त्यासाठी माझं पद आहे रूल्स एडिटर. गेम जो बनवतो तो डिझायनर. त्याच्या डोक्यातला गेम अनोळखी माणसाला नुसतं पुस्तक वाचून खेळता आला पाहिजे, ही जबाबदारी माझी. नियमात कुठं खाचखळगा राहिला तर लोक डिझायनरला शिव्या देत नाहीत, पुस्तकाला देतात. आणि पुस्तक म्हणजे मी.

रोलप्लेइंग गेम म्हणजे काय, हे मी सासूबाईंना सांगितलं होतं तसंच सांगते. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येकजण गोष्टीतला एक माणूस होतो. एकजण मात्र उरलेलं सगळं जग होतो: शेतमालक, पोलीसपाटील, लांडगा, पाऊस. आमच्या गेममध्ये त्याला गावकरी म्हणतात. पुढं काय करायचं ते बोलून ठरतं, आणि जे नशिबाच्या हातात ते फाशावर. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट कुठवर जाते ते बघायचं. सासूबाई म्हणाल्या, म्हणजे आमची भातुकली. मी म्हटलं, तीच, फक्त हिला जाडजूड रूलबुक असतं.

आमच्या गेमचं नाव रानवाट. खेळणारे सगळे एका धनगर कुटुंबातले. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन दुष्काळी भागातून निघायचं. गावोगावच्या शेतमालकाशी बोलणी करून त्याच्या रानात रात्री मेंढरं बसवायची, म्हणजे त्याला खत मिळतं आणि आपल्याला दाणागोटा. पावसाळ्याच्या तोंडाला परत घरी. हा गेम बनवला दत्ता गोफणेनं. तो आटपाडीकडचा. आमच्याकडेच डीटीपी करतो, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावतो. त्याच्या घरातली ही चाल त्याच्या वडिलांपर्यंत चालू होती. गाईडचा सीझन संपला की मशिनं रिकामी असतात, म्हणून मालकांनी एका वर्षी त्याचा गेम छापला, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना सगळ्या प्रती संपल्या.

मग नवी एडिशन करायचं ठरलं. इथं एक गोष्ट सांगायला हवी. रिप्रिंट वेगळं, नवी एडिशन वेगळी. रिप्रिंटमध्ये चुकलेल्या वेलांट्या सुधारतात. नव्या एडिशनमध्ये सिस्टिमच उचकटतात, म्हणजे फासे कधी टाकायचे, कुणी टाकायचे, कुणाला काय माहीत असतं, हा सगळा सांगाडा. आम्ही नव्या एडिशनमध्ये प्रत्येकाला भूमिका दिली. थोरला, थोरली सून, धाकटा, वाटाड्या. प्रत्येकाच्या कार्डावर त्याच्यापुरती माहिती. आणि एक नियम: निर्णय सगळ्यांनी बोलून करायचा, शेवटचा शब्द थोरल्याचा.

परतीच्या वाटेवर एक नदी लागते. वरच्या अंगाला वळीव झालाय, पाणी गढूळ आहे आणि चढतंय. खाली सोपा वाटणारा उतार दिसतो, म्हणजे जिथून चालत पलीकडं जाता येतं ती जागा. पण तो फसवा आहे. खरा उतार वर आहे, आणि ते वाटाड्याच्या कार्डावर स्पष्ट लिहिलंय. पाणी चढतंय हे धाकट्याच्या कार्डावर. थोरल्याच्या कार्डावर फक्त घाई. घरी जायची.

आम्ही हे आधी ऑनलाइन तपासलं. पुण्याकडची पोरं, एकमेकांना न ओळखणारी. त्यांनी तावातावानं भांडून नदी पार केली. थोडी मेंढरं गेली, बाकीची वाचली. आकडे बरोबर बसले, म्हणून आम्ही दोघंही खूश. शेवटची फेरी आपल्या भागात करू म्हटलं, कारण रानवाट जास्त खपते ती इथंच. आणि इथं एकही टेबल नदीपलीकडं गेलं नाही.

पहिल्यांदा मी पाणी कमी केलं. बुडाली. मग फासे सोपे केले. बुडाली. मेंढरं जास्त दिली, तर जास्त बुडाली. दत्ता रोज सकाळी मला नवे आकडे द्यायचा आणि मी ते घेऊन एसटीनं कुठल्यातरी गावाला जायची.

शेवटी मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. चौगुले अण्णा. माणूस चांगला, पण त्यांचं बोलणं म्हणजे छापून झालेला फॉर्मा, त्यात दुरुस्ती होत नाही. गाईडची कामं मशिनवर चढायची वेळ आली होती. त्याआधी फायनल फाइल आली नाही तर रानवाट कायमची बंद, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आता त्यांनी त्यावर तोडगाही काढला.

"रुबीना, ती नदी काढून टाक. एक पूल घाल तितं. सरकारनं घातल्यात की सगळीकडं."

मी दत्ताकडं बघितलं. तो टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत होता. "बघतो की अण्णा," एवढंच म्हणाला.

बाहेर जिन्यात आल्यावर मात्र त्यानं मला थांबवलं. "भाभी, आमच्या चुलत्याची निम्मी मेंढरं अशाच पाण्यात गेल्यात. त्यानंतर चुलता परत रानात गेला न्हाई. पूल घालायचा आसंल तर माजं नाव काडा पुस्तकावरनं."

मला त्याचाही राग आला आणि अण्णांचाही. हे आत का नाही बोललास, असं विचारलं, तर म्हणाला, अण्णांसमोर कसं बोलायचं. तिथंच मी मनाशी ठरवलं की नदी राहणार. तिच्यात बुडायची शक्यताही राहणार. पण आपल्या माणसांना ती पार करता आली पाहिजे. ज्या गेममध्ये पुण्याची पोरं वाचतात आणि आटपाडी, उंब्रज, रहिमतपूर बुडतं, तो गेम माझ्या हातून छापायला जाणार नाही.

मी परत रहिमतपूरला गेले. तेच वाचनालय, तीच मंडळी. या वेळी आकडे बदलले नाहीत, फक्त बसायची जागा बदलली. फाशांकडं न बघता माणसांकडं बघायचं ठरवलं.

थोरला झाली होती कोमल, कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलगी. तिच्या शेजारी वाटाड्या म्हणून बसले होते माने सर. हायस्कूलमध्ये तिला याच सरांनी गणित शिकवलेलं. कोमल म्हणाली, खालच्या उतारानं चला. मी सरांकडं बघत होते. त्यांनी आपलं कार्ड वाचलं, परत वाचलं, टेबलावर पालथं घातलं आणि मूग गिळून बसले. मेंढरं पाण्यात गेली. फासे पडले. चिंचोके गेले.

खेळ संपल्यावर मी सरांना बाजूला घेतलं. उतार वर आहे हे तुमच्या कार्डावर होतं, मग बोलला का नाही?

सर ओशाळले. "आवं मॅडम, ती थोरला हाय. थोरल्यानं एकदा चला म्हटल्यावर मी मधी कसं बोलणार?"

"सर, ती कोमल आहे. तुमची विद्यार्थिनी."

"ते खेळाच्या भायेर. खेळात थोरला म्हणजे थोरला."

मी तिथंच पायरीवर बसले आणि हसले, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की हे हसण्यासारखं नाही. आमचे आकडे पहिल्यापासून बरोबर होते. पुण्याच्या अनोळखी पोरांना थोरला हा नुसता शब्द होता. इथं तो शब्द कार्डावर छापला की कार्ड हातात घेणारी पोरगीसुद्धा थोरली होते, आणि सगळं टेबल तिच्या भिडेत जातं. पाणी दिसतंय, उतार माहीत आहे, पण तोंडावर नाही म्हणायचं नाही. आम्ही नकळत असा गेम बनवला होता, ज्यात चांगल्या वळणाची माणसं हमखास बुडणार.

दत्ताला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, थोरल्याचा शब्द शेवटचा, हा नियम मात्र काढता येणार नाही भाभी, कारण ते खरं आहे. मलाही काढायचा नव्हता. प्रश्न असा होता की थोरल्याचा मान न घालवता त्याला चूक सांगायची कशी.

आष्ट्याला एका क्लासच्या मुलांबरोबर मतदान करून बघितलं. प्रत्येकाला एक पांढरी गोटी, एक काळी. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. सगळ्या पांढऱ्या आल्या. मग पिशवीत हात घालून गुपचूप टाकायला सांगितलं, तर काळ्या निघाल्या. मेंढरं वाचली, पण खेळ मेला. थोरला झालेला मुलगा इतका दुखावला की तो पुढं नुसता "तुमीच ठरवा" म्हणत राहिला, आणि बाकीचे मान खाली घालून बसले. ज्या घरात गुपचूप मतदान होतं ते घर पुढच्या मुक्कामापर्यंत जात नाही, एवढं मात्र कळलं.

अण्णांनी तोपर्यंत पुलाचं चित्र काढून घ्यायला सांगितलं होतं. मी ते काम मागं ठेवलं आणि उंब्रजला गेले.

उंब्रजमध्ये हायवेला लागून सुनीताताईंचं स्टेशनरीचं दुकान आहे. दुकानाच्या माडीवर त्यांचा एक ग्रुप पहिल्या एडिशनपासून रानवाट खेळतो. त्या दिवशी थोरला होते टेम्पोवाले जाधव आणि सुनीताताई थोरली सून. वाटाड्याचं कार्ड मी मुद्दाम त्यांनाच जोडून दिलं होतं, कारण बाई बोलायला खमक्या. दुकानात गिऱ्हाइकाला त्या सोडत नाहीत. नदी आली. जाधव म्हणाले, घाला मेंढरं. सुनीताताई गप्प. मला वाटलं, संपलं, घाला पूल.

मग त्यांनी टेबलावरचं कुत्रं उचललं. प्रत्येक कुटुंबाबरोबर एक लाकडी कुत्रं असतं, लांडगा आला की ते उपयोगाला येतं. नदीशी त्याचा काहीएक संबंध नाही. बाईंनी ते समोर धरलं, पदर सारखा केला आणि जाधवांकडं ढुंकूनही न बघता त्या लाकडाला म्हणाल्या, "टिप्या, तू कशाला थांबलास रं? वर बाभळीपाशी उतार हाय म्हणून व्हय? आपल्याला काय कळतंय बाबा. मामंजी म्हणतील तसं."

जाधवांनी मिशीवरून हात फिरवला. जसं काही ऐकलंच नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "कुत्रं फुडं येत न्हाई. काय तरी आसंल. वरल्या अंगाला चला."

मेंढरं पलीकडं गेली. टेबलावर कुणालाही यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र उठून नाचावंसं वाटत होतं. कारण हे मी रोज करते. सासूबाईंच्या आमटीत मीठ जास्त झालं की मी माझ्या लहान मुलीला सांगते, पाणी पी गं बाई, तहान लागेल. सासूबाई काही न बोलता आमटीत पाणी घालतात. आमच्या घरात यावरून आजवर भांडण झालेलं नाही. आपल्याकडं घरोघरी हेच चालतं. कुणी मांजराशी बोलतं, कुणी पाळण्यातल्या पोराशी, आणि ज्याच्यासाठी बोलणं असतं त्याला ते बरोबर पोचतं. आपण ते नियम म्हणून कधी लिहीत नाही, एवढंच.

एसटीतच मी नियम लिहायला घेतला. कुत्र्याशी बोलणं. कुणीही कुत्रं उचलून त्याच्याशी बोलू शकतो. बोलताना थोरल्याकडं बघायचं नाही. थोरल्यानं मधे तोंड घालायचं नाही. बोलणं संपलं की त्याच्यापुढं दोनच वाटा. शब्द फिरवला तर त्याचा मान जराही कमी होत नाही, कारण तो कुत्र्यासाठी फिरवला. नाहीच फिरवला, तर सगळ्यांच्या आधी त्यानं स्वतः पाण्यात उतरायचं. हा शेवटचा भाग दत्ताचा. तो म्हणाला, चुलता उतरला होता.

नवा नियम घेऊन मी केबिनमध्ये गेले. अण्णांनी वाचला, चष्मा काढला आणि कुत्र्याशी बोलून नदी पार होत नसते, पुलाचं चित्र कुठंय, असं विचारलं. मी म्हटलं, अण्णा, तुम्ही आपला गेम एकदाही खेळला नाहीत. एक डाव खेळा. थोरला तुम्ही व्हा, बाकी आपल्याच ऑफिसची माणसं. मेंढरं बुडाली तर पूल मी स्वतः घालते.

यात माझा हिशेब सरळ होता. मला माहीत असलेलं सगळ्यात अवघड टेबल हेच होतं. इथं थोरला खेळातही थोरला आणि खेळाबाहेरही. याच्यापुढं नियम टिकला तर कुठंही टिकेल. आणि नाही टिकला तर मी तो रद्दीत घालायला तयार होते.

दुपारच्या जेवणानंतर पॅकिंगच्या टेबलावर डाव मांडला. अण्णा थोरला. अकाउंट्सच्या शोभाताई वाटाड्या. धाकटा झाले बाइंडिंगचे कुंभारमामा, जे अण्णांच्या वडिलांच्या काळापासून आमच्याकडं आहेत आणि ज्यांना अण्णांसमोर "व्हय अण्णा" याच्यापलीकडं बोलताना कुणी ऐकलेलं नाही. मी गावकरी. दत्ता भिंतीला टेकून उभा. नियम मी सगळ्यांना एकदाच वाचून दाखवला, नंतर आठवण करून द्यायची नाही असं ठरवून.

सुरुवातीला सगळे अवघडले होते. पण अण्णा रंगले. शेतमालकाशी त्यांनी अशी बोलणी केली की मला, म्हणजे शेतमालकाला, घाम फुटला. मग नदी आली. मी पाण्याचं वर्णन केलं. अण्णा म्हणाले, "थांबायचं काय कारण न्हाई. घाला पाण्यात."

शोभाताईंनी कार्ड वाचलं होतं. तरी त्यांनी मुकाट्यानं चिंचोके काठाला सरकवायला सुरुवात केली. दत्तानं मान वळवली. मी तोंड उघडलं नाही. गावकऱ्यानं सांगितलं तर तो नियम कसला.

कुंभारमामांचा हात कुत्र्याकडं गेला, मागं आला, परत गेला. शेवटी त्यांनी कुत्रं उचललं. अण्णांकडं पाठ होईल इतके ते वळले.

"मोत्या, पाणी चढाय लागलंय रं गड्या. मगाशी धोंडा दिसत हुता, आता दिसत न्हाई. मालकाला दिसलं आसंलच. त्येंच्या नजरंतनं कवा काय सुटत न्हाई. पर घरची वड लागली की माणूस बघून बी बघत न्हाई. तू थांब हितंच. तू थांबलास तर त्ये बी थांबतील."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि नियम काय म्हणतो ते विचारलं. मी सांगितलं, फिरा, नाहीतर सगळ्यांच्या आधी तुम्ही उतरा. ते निळ्या कागदाकडं बघत बसले. मग मामांच्या पाठीकडं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी उशिरा कळल्यासारखा चेहरा होता, आणि मला त्या क्षणी त्यांची दया आली.

"फिरवा माघारी," ते म्हणाले. "कुत्रं म्हणतंय तर."

आता शोभाताईंचीही भीड चेपली. त्यांनीही कुत्र्याला खरा उतार सांगून टाकला, आणि मेंढरं वरच्या अंगानं पलीकडं गेली. काही वाहून गेली. सगळी वाचावीत असा तो नियम नव्हताच. अण्णा उठले आणि दत्ताला म्हणाले, नदी हाय तशी ऱ्हाऊ दे, फाइल पाठव मशिनवर. दत्ता "व्हय अण्णा" म्हणाला आणि तोंड फिरवून डोळे पुसत डीटीपीत गेला.

एडिशन छापून आली, गाईडच्या आधी. खपतेही आहे. पुण्याचे लोक विचारतात की कुत्र्याशी बोलायचा हा नियम कशाला, सरळ सांगितलं तर काय बिघडतं? त्यांना मी लिहिते की तुमच्या टेबलावर गरज नसेल तर वापरू नका. या कामातून मी एवढंच शिकले: अनोळखी माणसांवर तपासलेला नियम फक्त गणितात बसतो. ज्यांना एकमेकांची भीड आहे, रोज एकमेकांची तोंडं बघायची आहेत, अशांच्यात तो बसवून बघावा आणि मगच छापावा.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी डाव आवरताना अण्णा दारात थांबले होते. वळून म्हणाले, "कुंभार, इतकी वर्सं झाली. मला आजून काय काय सांगायचं ऱ्हायलंय तुला?"

कुंभारमामांनी चिंचोके डब्यात भरले, झाकण लावलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाले, "लय हाय, अण्णा. पर आजच्याला एवढं बास."